डिप्रेशन की पीएमडीडी? तारखा बघा
डिप्रेशन आणि पीएमडीडी (पाळीआधी येणारा मनाचा तीव्र त्रास), दोन्हींत रडू येतं, चिडचिड होते, जगणंच नको वाटतं, म्हणून गल्लत होते. पण डिप्रेशन म्हणजे कमीत कमी दोन आठवडे जवळजवळ रोजच मन बुडालेलं, पाळीचा संबंध असेलच असं नाही. पीएमडीडी पाळीच्या आधीच्या आठवड्यात येतं आणि पाळी सुरू झाली की काही दिवसांत ओसरतं, २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, ते रीतसर निदान आहे, म्हणजे हे नाटक नाहीये हो! १९९८ च्या एका अभ्यासात दिसलं की हार्मोन्सची पातळी नॉर्मलच असते, मेंदू त्या चढउताराला जास्त रिअ‍ॅक्ट होतो. गोळ्या बऱ्याचदा त्याच, एसएसआरआय (डिप्रेशनवरच्या औषधांचा एक प्रकार), पण डिप्रेशनमध्ये त्या रोज घ्यायच्या आणि फरक पडायला आठवडे लागतात, पीएमडीडीत काहींना फक्त पाळीआधीचे दोन आठवडे पुरतात. मला वाटतं आठवणीवर विसंबू नका, दोन महिने रोजची नोंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. जीव द्यावासा वाटला तर मात्र थांबू नका, लगेच मदत घ्या, टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६.