मापात पाप: दहा इंची चाकांचा ‘रेडी सेट’

जुनी मिनी (ब्रिटिश बनावटीची छोटी गाडी) शर्यतीच्या ट्रॅकसाठी बांधताय आणि कुणी ‘टायरसकट सेट आहे साहेब, नुसते नट आवळायचे’ असं म्हणालं, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मला गंडवणारा काही भुरटा नव्हता. चाकांतलं त्याला भरपूर कळत होतं, आणि म्हणूनच कुठला आकडा कुठे लपवायचा हेही त्याला नेमकं ठाऊक होतं.

गाडी साठच्या दशकातल्या कूपर एसच्या (मिनीच्या वेगवान आवृत्तीच्या) धर्तीवर बांधलेली, १२७५ सीसी इंजिनाची. पुढे साडेसात इंची ब्रेक डिस्क, म्हणजे दहा इंची चाकात मावणाऱ्या. (१९८४ मध्ये मिनीला ८.४ इंची डिस्क आल्या आणि चाक बारा इंची करावं लागलं, कारण त्या दहाच्या चाकात बसतच नाहीत.) मला हवं होतं १० × ६ चं (दहा इंच व्यासाचं, सहा इंच रुंद) रिम आणि त्यावर १६५/७० आर १० टायर (रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम दहा इंची). १६५ चा टायर पाच इंची रिमवरही बसतो, पण सहा इंचीवर त्याची बाजूची भिंत जास्त ताठ उभी राहते आणि वळणात टायर कमी लोळतो. शिवाय पुढेमागे ऐतिहासिक शर्यतीत उतरायचं असेल तर चाकाच्या मापाशी खेळता येत नाही. एफआयएच्या (मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) अपेंडिक्स के या जुन्या गाड्यांच्या नियमावलीप्रमाणे चालणाऱ्या शर्यतींत गाडीच्या कागदावर जे माप आहे तेच चालतं.

त्या विक्रेत्याने आधी मला तेरा इंची चाकं गळ्यात मारायचा प्रयत्न केला. ‘१७५/५० आर १३ घ्या, बाहेरचा व्यास सारखाच येतो.’ सारखा येत नाही. १६५/७० आर १० चा व्यास ४८५ मिलिमीटर, १७५/५० आर १३ चा ५०५. म्हणजे गिअरिंग चार टक्क्यांनी लांब, गाडी दहा मिलिमीटर वर आणि चाक जड. हे मी तिथेच गणित करून दाखवलं, तसा तो हसला आणि म्हणाला, ‘तुम्ही जाणकार दिसता, तुमच्यासाठी आत ठेवलेला माल काढतो.’

तो माल म्हणजे आठ आऱ्यांची, मिनीलाइट धाटणीची चार दहा इंची रिम्स, त्यावर चढवलेले सेमी-स्लिक (ट्रॅकसाठीचे, कमी खाचांचे) टायर. बॅलन्सिंगची वजनंसुद्धा लावलेली. सगळं कसं जिथल्या तिथे. मी मागची बाजू दाखवायला सांगितली, त्याने बिनतक्रार उलटी करून दाखवली. ‘१० × ६’ आणि ‘४ × १०१.६’ असे आकडे होते. मिनीच्या चार स्टडचं (ज्यांवर चाकाचे नट आवळतात त्या आटेदार दांड्यांचं) वर्तुळ चार इंचांचं, म्हणजे १०१.६ मिलिमीटरचं, तेव्हा आकडा बरोबरच. टायरच्या वयाचं विचारल्यावर त्याने स्वतःच ड्युरोमीटर (रबराचा कडकपणा मोजणारा मीटर, आकडा जास्त तितकं रबर कडक) काढला आणि माझ्यासमोर रबरावर दाबला. काटा ५८ वर. ट्रॅकच्या टायरला असा आकडा म्हणजे रबर अजून मऊ. स्वतःहून मीटर पुढे करणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा तरी कसा?

पहिल्या सरावात दोन-तीन फेऱ्या टायर छान धरत होते. मग अचानक पुढचं टोक घसरायला लागलं, जणू डांबरावर साबण ओतलाय. पिटमध्ये येऊन नट तपासले तर पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट हाताने फिरले. तांत्रिक तपासनीस शेजारीच उभे होते. त्यांनी चाक उतरवायला लावलं आणि नट बसतो त्या शंकूच्या आकाराच्या खळग्यावर बोट ठेवलं. एका बाजूला चकचकीत घासलेली चंद्रकोर आणि दुसऱ्या बाजूला रंग जसाच्या तसा. ‘नट पूर्ण बसतच नाहीये. ही चाकं ४ × १०० ची आहेत,’ ते म्हणाले आणि गाडी थांबवली.

१०० आणि १०१.६ मधला फरक ऐकायला किरकोळ वाटतो. व्यासात १.६ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक भोक ०.८ मिलिमीटर आत. पण शंकूचा नट एकाच कडेला टेकतो आणि आवळताना स्टडला वाकवतो. टॉर्कचा पाना (ठरलेला ताण आला की आवाज देणारा) ‘क्लिक’ म्हणतो तो त्या वाकलेल्या स्टडच्या ताणामुळे, चाक घट्ट बसल्यामुळे नव्हे. मिनीचे स्टड तीन अष्टमांश इंचाचे. प्रत्येक वळणात ते थोडे इकडेतिकडे होतात आणि नट ढिला पडतो. दहा इंचातली ४ × १०० ची चाकं छोट्या ट्रेलरसाठीही येतात, त्यामुळे मिळायला ती काही अवघड नाहीत.

आता मागचे आकडे. टायरवाल्याकडे रंग खरवडून पाहिला तेव्हा उलगडा झाला. ओतीव रिमवर कारखान्याची अक्षरं साच्यातूनच वर उठून आलेली असतात. माझ्या रिमवर बाकीची अक्षरं तशी उठावाची होती, पण माप मात्र खोल, हाताने पंच मारून ठोकलेलं. पंचाखाली ग्राइंडरच्या समांतर रेघा होत्या आणि त्यावर रंगाचा जाड थर. भोकंही आतून कानशीने किंचित वाढवलेली, म्हणजे रिकाम्या हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) चाक अलगद सरकतं आणि शंका येत नाही. टायर काढून आतून मोजलं तर रुंदी भरली पाच इंच. रिमचं माप आत, टायरची कड टेकते त्या दोन जागांमध्ये धरतात. बाहेरून ओठापासून ओठापर्यंत मोजलं तर साधारण इंचभर जास्तच येतं. टायर चढवलेला असला की टेप लावता येते ती फक्त बाहेरून. ‘रेडी सेट’ विकण्यामागचं सगळं इंगित हेच.

टायरचंही तेच. डॉट क्रमांकाचे (टायरवर उमटवलेल्या ओळख क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. पण हा पूर्ण क्रमांक बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतो. चारही टायर तारीख आत जाईल असे चढवले होते. एकावर ‘३१०९’ होतं, म्हणजे २००९ चा एकतिसावा आठवडा. बाकीच्यांवरचे आकडे घासून टाकलेले. आणि ते ५८? कडक झालेल्या रबरावर मऊ करणारं रसायन चोळलं की वरचा थर काही काळ लुसलुशीत होतो. तो थर ट्रॅकवर गेला आणि टायर पूर्ण गार झाल्यावर त्याच जागी काटा ७६ वर थांबला. (गरम टायरवर मोजू नका, आकडा फसवा येतो.)

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, ‘ट्रॅकवर फिरवलेला माल परत घेत नाही.’ मग म्हणाला, भोकं मीच कानसली असतील. पंच मारलेल्या आकड्यांचं विचारल्यावर फोन उचलणं बंद. ग्राहक तक्रारीसाठी मी खरवडलेल्या रिमचे, डॉट क्रमांकाचे आणि तपासनिसाच्या शेऱ्याचे फोटो जोडले आहेत. पावतीवर त्याने ‘मिनी, १० × ६’ असं स्वतःच्या हाताने लिहिलंय, त्यावर माझी सगळी भिस्त आहे. तेव्हा पावतीवर माप, पीसीडी (स्टडच्या वर्तुळाचा व्यास) आणि टायरचं वर्ष लिहून घ्याच. लिहायला कां-कूं करत असेल तर तिथूनच मागे फिरा.

रिम्स मी विकणार नाही. तक्रारीचा निकाल लागला की कापून भंगारात देणार, नाहीतर पुन्हा रंग चढून दुसऱ्या कुणाच्या तरी मिनीखाली जातील.

त्याची जाहिरात अजून चालू आहे. तोच आठ आऱ्यांचा सेट, तोच मजकूर, आणि सगळे फोटो फक्त पुढच्या बाजूचे. कुणी तिकडे जाणारच असेल तर टायर उतरवलेल्या रिमचा आतून टेप लावलेला फोटो आणि टायरच्या दोन्ही बाजूंचे फोटो आधी मागवा. मी एका मित्राच्या फोनवरून मागवून पाहिले. ‘तेवढा वेळ नाही साहेब, गिऱ्हाईक दारात उभं आहे,’ असं उत्तर आलं.