ब्रिस्टलची एसएस ग्रेट ब्रिटन: आधी काचेखाली उतरा

माझगावला गोदीत मी ३१ वर्षं प्लेट फिटर होतो. लेकीकडे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला आल्यावर एसएस ग्रेट ब्रिटन ही जुनी लोखंडी आगबोट बघायचीच, हे घरून निघतानाच ठरलं होतं. सहलींच्या एका संकेतस्थळावर ‘तासाभरात बघून होते’ असं लिहिलेलं, त्यावर विसंबून दुपारी तीनला पोहोचलो आणि फसलो. माझा सगळा वेळ तळाशीच गेला. डेकवर पाय ठेवतोय तोवर बंद व्हायची वेळ झाली. लेक म्हणाली, “बाबा, आपलं तिकीट वर्षभर चालतं. उद्या सकाळी परत येऊ.” आलो.

माझं ऐकाल तर आधी खाली उतरा. इंजिनिअर ब्रुनेलनं ही बोट ज्या ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी उपसून कोरड्या केलेल्या गोदीत बांधली, त्याच डॉकमध्ये ती आज उभी आहे. पाणरेषेवर चहूबाजूंनी काच बसवून वर पाण्याचा पातळ थर सोडलाय, त्यामुळे वरून ती तरंगतेय असंच वाटतं. काचेखाली मात्र हवा खडखडीत कोरडी. आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास ठेवणारी यंत्रं सतत चालू असतात, कारण लोखंडात समुद्राचं मीठ मुरलंय. दमट हवा लागली की पुन्हा गंज धरणार. दहा मिनिटांत माझे ओठ सुकले. पत्र्याला पापुद्रे सुटलेत, काही ठिकाणी आरपार भोकं पडलीत, तरी पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या ओळी बोटानं मोजाव्यात इतक्या स्पष्ट आहेत. त्या हातांना माझा नमस्कार.

उजव्या अंगाला भेग आहे, तिथे थांबा. १८८६ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्नजवळच्या वादळात मार खाऊन बोट फॉकलंड बेटांना लागली, ती तिथेच राहिली. लोकर आणि कोळशाचं तरंगतं गोदाम झाली. १९३७ मध्ये स्पॅरो कोव्ह या खाडीत नेऊन तळाला भोकं पाडून बुडवली. १९७० मध्ये तिला काढायला माणसं गेली, तेव्हा ही भेग एवढी वासलेली होती की बेटावरच्या लोकांकडून जुन्या गाद्या गोळा करून त्यात कोंबल्या. मग पाणी उपसलं, बोट तरती केली, पाण्याखाली बुडवलेल्या पाँटूनवर, म्हणजे सपाट तराफ्यावर घेतली, पाँटून वर आणला आणि टगनं, म्हणजे ओढणाऱ्या बोटीनं, ओढत अटलांटिक पार केला. १९ जुलै १९७० ला ती या डॉकमध्ये शिरली. जलावतरणही १९ जुलैचंच, १८४३ सालचं. बुडालेलं लोखंड वर काढताना पोटात कसा गोळा येतो, ते मला माहीत आहे. त्या भेगेसमोर माझे डोळे भरून आले.

वरचा भाग छान सजवलाय. पहिल्या वर्गाचा जेवणाचा दिवाणखाना बघा, आणि मग ऑस्ट्रेलियाला निघालेल्या गरिबांच्या फळ्या. कूस बदलायला जागा नाही. १८६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाणारा इंग्लंडचा पहिला क्रिकेट संघ याच बोटीनं गेला, हे कळल्यावर नातू तिथून हलेना.

मला मात्र दुसरीच गोष्ट लागून राहिली. १८५७ चा उठाव मोडायला निघालेलं गोरं घोडदळ हिच्यातूनच मुंबईला उतरलं. ज्या बोटीवर माझा एवढा जीव जडला तिनंच ते आणलं, याचं वाईट वाटलं. तरी मी पुन्हा खाली गेलो.

चार तास तरी हाताशी ठेवा. टेम्पल मीड्स स्टेशनजवळून फेरीबोट मिळते, तिनंच या. पाण्यातून येताना डोलकाठ्या आधी दिसतात.