जेफ्लॅप: यंत्राची ताकद आणि त्याची किंमत, दोन्ही डोळ्यांसमोर

ड्यूक विद्यापीठात सुझन रॉजर यांच्या पुढाकाराने तयार झालेलं जेफ्लॅप हे सॉफ्टवेअर मोफत आहे. संगणकावर जावा हवं. ऑटोमेटा, म्हणजे इनपुटचं एकेक अक्षर वाचत अवस्था बदलणारी काल्पनिक यंत्रं, त्यात काढून चालवून बघता येतात. ऑटोमेटा शिकणाऱ्याने ते नक्की वापरावं.

याची खरी मजा तुलनेत आहे. ० आणि १ च्या ज्या ओळींत ‘शेवटून पाचवं अक्षर १’ असतं त्यांचा संच, म्हणजे ही ‘भाषा’, ओळखणारा एनएफए (एका अक्षरावर अनेक पुढच्या अवस्था चालणारं यंत्र) ६ अवस्थांत काढा आणि ‘कन्व्हर्ट टू डीएफए’ (डीएफए म्हणजे दर अक्षराला एकच पुढची अवस्था असलेलं यंत्र) करून ‘कम्प्लीट’ दाबा. ३२ अवस्था येतात, आणि मिनिमाइझ (अनावश्यक अवस्था काढणं) करूनही एकही कमी होत नाही. ताकद तीच, अवस्था मात्र घातांकी वाढल्या! आकृतीत बाणांचा गुंता होतो, तो हाताने किंवा लेआउटच्या पर्यायांनी सोडवावा लागतो.

दुसरा प्रयोग पॅलिंड्रोमचा, म्हणजे उलट वाचलं तरी तोच राहणारा शब्द ओळखण्याचा. इथे ट्युरिंग यंत्र लागतं, जे टेपवर अक्षरं वाचतं आणि लिहितं. एका टेपवर दोन्ही टोकांची अक्षरं जुळवत, खोडत जा: १०० अक्षरांना सुमारे ५००० पावलं. दोन टेप घेतल्या तर दुसरीवर नक्कल करा, एक हेड (टेप वाचणारा-लिहिणारा भाग) मागे न्या, उलट दिशांनी तुलना करा. साधारण ३०० पावलांत काम होतं. दुसऱ्या टेपने नवी भाषा ओळखता येत नाही, फक्त वेळ वाचतो, आणि हे विद्यार्थ्याला स्वतः बघता येतं ही फार मोलाची गोष्ट आहे.

उणीव एकच, पण मोठी: पावलं मोजणारा ठळक आकडा समोर दिसत नाही. एक सावधगिरीही: यंत्र थांबतच नसेल तर जेफ्लॅप ‘पुढे चालू ठेवू का’ असं विचारतं. तिथे ‘नाही’ म्हटलं म्हणजे इनपुट नाकारलं गेलं, असं समजू नका.