जिलेटिन डिग्रेडेशन किट: भोकं झकास दिसतात, पण लगेच नाचू नका

कॅन्सरच्या पेशी आजूबाजूचं मॅट्रिक्स (पेशींभोवतीचं प्रथिनांचं जाळं) खाऊन वाट कशी काढतात ते डोळ्याने बघायचं होतं म्हणून लॅबमध्ये हे फ्लुरोसंट जिलेटिनवालं किट मागवलं. कंपनीचं नाव नाही घेत, तक्रारीच जास्त आहेत. काम सोपंय, कव्हरस्लिपवर चमकणाऱ्या जिलेटिनचा पातळ थर द्यायचा, वर पेशी सोडायच्या, जिथे थर पचला तिथे काळं दिसतं.

आणि दिसतं राव! एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी रात्रभर ठेवल्या, सकाळी बघतो तर हिरव्या कापडाला कसर लागावी तशी बारीक बारीक भोकं, आणि पेशीच्या सांगाड्यातलं अॅक्टिन प्रथिन लाल रंगवलं होतं तर बऱ्याच भोकांवर नेमके लाल ठिपके. हेच ते इन्व्हॅडोपोडिया, म्हणजे पेशीचे मॅट्रिक्समध्ये घुसणारे पाय; एमटी१-एमएमपी नावाची मॅट्रिक्स कापणारी कात्री (एन्झाइम) इथेच जमा होते.

आता वैताग. थर पक्का केल्यावर उरलेलं रसायन निष्प्रभ करायला सोडियम बोरोहायड्राइड टाकलं की बुडबुडे येतात, कव्हरस्लिप वर तरंगते आणि कधी उलटी पडते, मग कोटिंग कुठल्या बाजूला ते ओळखा! मॅन्युअलमध्ये याबद्दल अवाक्षर नाही. मी आता चिमट्याने कडेला ओरखडा काढून स्कोपखाली बघतो, काळी रेघ उठली की तीच बाजू.

स्कोपच्या प्रकाशाने रंगही पटकन उडतो. ज्युनियरने झूम करून भरपूर स्कॅन केलं, मग झूम आउट केलं तर मधोमध काळा चौकोन, आणि हा खूश, केवढं डिग्रेडेशन म्हणून. अरे बाबा, पेशी पट्टी लावून खात नाहीत.

बॉक्सवर "बाइंडिंगसाठीही उपयुक्त" लिहिलंय ते सोडून द्या. मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) सीरम असेल तर त्यातलं फायब्रोनेक्टिन नावाचं प्रथिन जिलेटिनवर जाऊन बसतं आणि पेशीचे इंटिग्रिन (चिकटायचे हात) त्याच्याच आरजीडी नावाच्या तुकड्याला धरतात, मग पेशी चिकटली नक्की कशाला? शिवाय जिलेटिन म्हणजे उलगडलेलं कोलॅजन, खरी तिपेडी दोरी तोडणं वेगळं काम, ते इथे कळणार नाही.

सगळ्यात मोठा राग म्हणजे किटमध्ये इन्हिबिटरच (ती कात्री बंद पाडणारं रसायन) नाही. थर नुसता ओरबाडला गेला तरी भोक तसंच दिसतं, त्यामुळे एका वेलमध्ये (प्लेटच्या खणात) जीएम६००१ हा एमएमपी इन्हिबिटर टाकाच, तिथे भोकं थांबली तरच एमएमपीचं नाव घ्या. आम्हाला ते वेगळं मागवावं लागलं, त्यात आठवडा गेला.

५ पैकी ३ स्टार. पुढच्या वेळी लाल जिलेटिन घेणार, आमच्या निम्म्या पेशी जीएफपीवाल्या (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या) आहेत आणि हिरव्यावर हिरवं बघून डोळे गेले.