४० लिटरचा ओटीजी, ह्यांचा कॅमेरा आणि आतला दिवा : आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

लिटर किती, वॉट किती, मोड कुठले, हे सगळं विक्रीच्या पानावर असतंच म्हणून ते परत लिहीत बसत नाही. ४० लिटरचा, २००० वॉटचा, वर-खाली रॉड आणि कन्व्हेक्शनचा (गरम हवा आत फिरवणारा) पंखा असलेला नेहमीचा ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, आहे आमचा, गेल्या पावसाळ्यात घेतला. कंपनीचं नाव देत नाहीये. मला लिहायचंय ते मुख्यतः आतल्या दिव्याबद्दल, कारण एवढे महिने वापरून माझं ठाम मत झालंय की घेताना लोक लिटर बघतात, रॉड बघतात, रोटिसरी म्हणजे भाजायची फिरती सळई बघतात (आमची अजून खोक्यातच आहे), दिव्याची चौकशी मात्र कोणी करत नाही, आणि रोजच्या वापरात सगळ्यात जास्त त्याच्यावरच अडतं.

घरात आम्ही दोघंच. सुरुवातीला बेकिंग माझं आणि फोटो ह्यांचे अशी सरळ वाटणी होती. ह्यांनी ओळखीतल्या एकाकडून कॅननचा बेसिक डीएसएलआर १८-५५ मिलिमीटरच्या किट लेन्ससकट (कॅमेऱ्याबरोबरच येते ती) जुना घेतला होता, तो टेकड्यांवर पक्षी काढायला म्हणून घेतलेला, पण ५५ मिलिमीटरवर पक्षी ठिपक्याएवढा येतो त्यामुळे कॅमेरा स्वयंपाकघरात आला. आता हे लादीपावाचं पीठ मळतात, माझ्यापेक्षा चांगलं मळतात, आणि मी मॅन्युअल मोडवर फोटो काढते. ओव्हन आणि कॅमेरा दोन्ही दोघांचे झालेत, म्हणून हा अनुभवही दोन्हीचा मिळून लिहितेय.

आधी तापमानाच्या नॉबबद्दल. पहिल्या दोन महिन्यांत मी हा रिव्ह्यू लिहिला असता तर दोन स्टार दिले असते, कारण रेसिपीत १८० डिग्रीला ३५ मिनिटं लिहिलेलं असायचं आणि आमचा स्पंज केक तेवढ्या वेळात मधे ओलाच. मग साखरेची टेस्ट केली. साखर १८६ डिग्रीच्या आसपास वितळते, त्यामुळे वाटीत चमचाभर साखर घालून ओव्हन नीट तापल्यावर नॉब १७५ वर ठेवून पंधरा मिनिटं ठेवायची, ती कोरडी राहिली पाहिजे, आणि १९० वर ठेवली की वितळायला लागली पाहिजे. आमची १९० वर तशीच राहिली आणि २०० च्या खुणेवर कडेनं पाणी सुटल्यासारखी व्हायला लागली. म्हणजे नॉब जेवढं दाखवतो त्यापेक्षा आत दहाएक डिग्री कमी. नंतर जाळीवर ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर आणला, त्यानंही तेच सांगितलं. आता १८० पाहिजे असेल तर १९० लावतो आणि विषय संपला. नेहमी तेवढाच फरक असेल तर तो सांभाळून घेता येतो, म्हणून त्या बाबतीतलं माझं मत मी बदललं आहे, थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा भाग) चांगला आहे.

केक ओला राहण्याचं दुसरं कारण ओव्हनमध्ये नव्हतंच, घरात येणाऱ्या विजेत होतं. आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज पडतं. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर ऐकायला फरक १३ टक्क्यांचा वाटतो पण २००० वॉटचा रॉड १५०० वॉटवर येतो. संध्याकाळी सातला प्रीहीटला जो जास्तीचा वेळ लागायचा तो ह्यामुळे. सकाळी आठ-नऊला तोच ओव्हन पटकन तापतो. सगळं बेकिंग सकाळी केलं आणि त्यातून आपोआप फोटोचाही प्रश्न सुटला, कारण खिडकीतला उजेडही सकाळीच मिळतो. रात्री ट्यूबलाईटखाली काढलेले केकचे फोटो हिरवट-पिवळे आणि सपाट यायचे आणि आम्ही दोष कॅमेऱ्याला द्यायचो.

खिडकीच्या गजांना बटर पेपर लावायचा (तोच, जो टिनमध्ये घालतो), त्याच्यामुळे ऊन थेट न येता पसरून येतं. समोरच्या बाजूला थर्माकोलची शीट उभी करायची म्हणजे सावलीकडची बाजू काळी पडत नाही. उजेड बाजूनं आला पाहिजे, नानकटाईच्या वरच्या भेगा आणि खारीचे पदर दिसतात ते फक्त बाजूच्या उजेडात. आणि मैद्याचं पांढरं पीठ किंवा पांढरी बशी असेल तर कॅमेरा ती राखाडी करून टाकतो कारण त्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरूनच मोजतं, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) प्लस एक करायचं, आणि चॉकलेट केकला उलट मायनस. एवढ्यावर पुष्कळ दिवस आमचं छान चाललं होतं.

आता दिवा. स्पंज फुगताना बघणं ही ह्या घरातली सगळ्यात आवडती गोष्ट झाली आहे आणि मला ते सांगायला अजिबात संकोच वाटत नाही. आधी कडेचं पीठ घट्ट होतं कारण टिन तापलेला असतो, मधलं अजून पातळ असतं आणि ते वर चढत राहतं म्हणून मधे घुमट येतो, आणि ओव्हन जास्त गरम असेल तर वरचा थर आधीच कडक झालेला असतो त्यामुळे तो घुमट फुटतो. हे मी वाचलं होतं पण समजलं ते काचेतून बघून. ह्यांनी त्याचा टाइमलॅप्स करायचं ठरवलं. दर १५ सेकंदाला एक फोटो, ३५ मिनिटांच्या बेकिंगचे १४० फोटो, २४ फ्रेमनी लावले की सहा सेकंदाचासुद्धा व्हिडिओ होत नाही, पण त्या सहा सेकंदात सगळं दिसतं.

त्यात अडचणी खूप आल्या. दाराच्या काचेत आख्खं स्वयंपाकघर दिसतं. पोलरायझर म्हणजे काचेवरची चमक कापणारा फिल्टर घेतला, तो काचेला तिरक्या कोनातून धरला तर काम करतो, अगदी समोरून धरला तर काडीचा फरक पडत नाही, आणि समोरून काढल्याशिवाय केक सरळ दिसत नाही. शेवटी जुन्या छत्रीचं काळं कापड लेन्सभोवती पडद्यासारखं लावलं, स्वयंपाकघरातला दिवा बंद केला, प्रतिबिंब गेलं. हा फुकटचा उपाय आधी करून बघा, मग फिल्टरवर पैसे घाला. रंगाचं म्हणाल तर आतला दिवा चांगलाच पिवळा असतो, ऑटो व्हाईट बॅलन्सला (कॅमेरा आपोआप रंग जुळवतो त्याला) झेपत नाही, आणि आमच्या कॅमेऱ्यात उजेडाच्या रंगाचा केल्विनमधला आकडा टाकायची सोय नाही म्हणून रिकाम्या ओव्हनमध्ये पांढरी बशी ठेवून, दिवा लावून, तिचा फोटो काढून कस्टम व्हाईट बॅलन्स सेट करायचा. फोकस मॅन्युअल, एक्स्पोजर मॅन्युअल, मधे कशालाही हात लावायचा नाही.

आणि असं सगळं जमून आलेलं असताना, घेतल्याला सहा महिनेही झाले नव्हते, दिवा गेला.

दिवा गेला की काय होतं ते सांगते कारण हेच कोणी लिहीत नाही. थर्मोस्टॅट रॉड चालू-बंद करत राहतो. रॉड चालू असला की आत लालसर उजेड, बंद झाला की अंधार. टाइमलॅप्समध्ये फ्रेम एकदा लाल एकदा काळी. पण व्हिडिओ सोडा, केकचं काय? दिसत नाही म्हणून दार उघडावं लागतं, दार उघडलं की गरम हवा भसकन बाहेर येते, मधला भाग अजून सेट झालेला नसेल तर केक बसतो. मोबाईलचा टॉर्च मारला तर तो काचेवरच चमकतो, आत काही दिसत नाही. नानकटाईला तर दोन मिनिटांनी फरक पडतो, वरून अजून पांढरट दिसते आणि खालून लाल झालेली असते, तिच्यावर डोळा ठेवावाच लागतो.

वॉरंटीत होता म्हणून कस्टमर केअरला फोन केला. तिथल्या मुलीनं सांगितलं, मॅडम बल्ब आणि काच वॉरंटीत येत नाही. ठीक आहे, कार्डावर बारीक अक्षरात तसं लिहिलंय, मान्य. मी म्हटलं मग बल्ब विकत द्या, कुठला लागतो तेवढं तरी सांगा. तर म्हणे टेक्निशियन बघून सांगेल. टेक्निशियन ठरलेल्या दिवशी आला नाही, मग दुसऱ्या दिवशी न सांगता आला, पाच मिनिटं आत बघितलं आणि म्हणाला लॅम्प असेंब्ली बदलावी लागेल, होल्डरसकट, पार्ट मागवायला लागेल, साडेआठशे होतील, शिवाय आत्ताचा व्हिजिट चार्ज वेगळा. मी विचारलं, अहो होल्डर चांगला आहे, बल्ब आट्याचा दिसतोय, नुसता बल्ब फिरवून काढता येईल ना? तर म्हणाला, आमच्याकडे सुटा बल्ब येत नाही ताई.

हे मला पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. बल्ब ही जाणारीच वस्तू आहे, म्हणूनच तुम्ही ती वॉरंटीतून वगळता, मग ती सुटी का देत नाही? हे शांत माणूस आहेत, ते म्हणाले देऊन टाकूया, पण साडेआठशेत किती मैदा आणि लोणी येतं ह्याचा हिशोब माझ्या डोक्यात पक्का होता. मी पैसे दिले नाहीत. कार्डाच्या त्या ओळीचा फोटो लावून ईमेल केली, वॉरंटीत फक्त बल्ब आणि काच वगळली आहे, होल्डर वगळलेला नाही, मग होल्डर खराब आहे म्हणत असाल तर तो फुकट बदलून द्या आणि खराब नसेल तर असेंब्लीचे पैसे कसले. बरीच पत्रापत्री झाली. शेवटी व्हिजिट चार्ज माफ केला, बल्ब मात्र दिला नाहीच.

मग आम्ही दोघं पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात गेलो, जुना बल्ब रुमालात गुंडाळून. काढायला काही अवघड नव्हतं, प्लग काढून, ओव्हन पूर्ण गार झाल्यावर, काचेची टोपी उलटी फिरवायची, आत बल्ब. ई-१४ म्हणजे बारीक आट्याचा, १५ वॉटचा. पहिल्या दुकानात फ्रिजचा बल्ब काढून दिला, दिसायला सेम टू सेम, आटे तेच, वॉट तेच, किंमतही कमी. पण ओव्हनच्या बल्बवर ३०० डिग्री लिहिलेलं असतं ते ह्याच्यावर नव्हतं. फ्रिजचा बल्ब गारव्यासाठी बनवलेला, २०० डिग्रीत त्याचा जोड टिकत नाही. एलईडी तर विचारूच नका, त्याच्या बुडातलं सर्किट एवढ्या उष्णतेत जगत नाही. चौथ्या की पाचव्या दुकानातल्या काकांनी न बोलता आतून खोका आणला, ३०० डिग्री छापलेलं, १२० रुपये. दोन घेतले. त्या काकांना मी पुढच्या वेळी नानकटाई नेऊन दिली, आणि ह्यांनी त्यांच्या दुकानाचा एक सुंदर फोटो काढून दिला.

कुठे साडेआठशे आणि कुठे एकशेवीस. मला राग पैशाचा आहेच पण जास्त राग ह्याचा आहे की माहितीपुस्तिकेत 'ई-१४, १५ वॉट, ३०० डिग्री' एवढे शब्द छापले असते तर कुणालाच हे करावं लागलं नसतं. त्या पुस्तिकेत चिकन टिक्क्याची रेसिपी आहे, बल्बचा साइज नाही.

लेन्सबद्दलही मत बदललंय ते सांगते. सगळे सांगतात फूड फोटोला ५० एमएम एफ १.८ घ्या म्हणून दिवाळीत कॅननची एसटीएमवाली घेतली. आख्ख्या केकचा, बशीचा फोटो तिच्यात फार सुरेख येतो, मागचं मऊ धूसर होतं, ह्यांचा चेहरा खुलला होता पहिल्या दिवशी. महिनाभर किट लेन्स कपाटात गेली. पण पावाची जाळी (आतली भोकं) जवळून काढायची तर ५० एमएम ३५ सेंटिमीटरच्या आत फोकसच करत नाही, आणि ती फुकटात आलेली १८-५५ मात्र २५ सेंटिमीटरपर्यंत जाते, त्यामुळे ५५ वर लावली की जाळी जास्त मोठी दिसते. पावाच्या कापलेल्या बाजूचे आमचे सगळ्यात चांगले फोटो त्याच लेन्सचे आहेत. नुसतं घरचं बेकिंग काढायचं असेल तर आधी किट लेन्स पूर्ण वापरून बघा, एफ ८ (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक) आणि ट्रायपॉड. ५० एमएम नंतर घ्या.

ओव्हनला चार स्टार. एक स्टार दिव्याचा कापला आणि तो परत देणार नाही. नवीन घेणार असाल तर दुकानात तीन गोष्टी विचारा: दिवा आहे का (स्वस्त मॉडेल्समध्ये बऱ्याचदा नसतोच), टोपी हातानं निघते का, आणि सुटा बल्ब मिळतो का. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी आज गार ओव्हन उघडून बल्बवर काय छापलंय ते बघून लिहून ठेवा, कारण जळल्यावर काच काळी होते आणि अक्षरं वाचता येत नाहीत. आणि आणाल तेव्हा दोन आणा.