खळ्यात पडदा लावायचाय: १९४५चं वादळ की १९९०चा ज्वालामुखी?

दिवाळीनंतर खळी सारवून झाली की देवगड-मालवणकडे मुंबईची मंडळी येतात आणि फर्माईश होते: प्रेमाचा सिनेमा लावा, पण नेहमीचा नको. त्यासाठी दोन नावं सुचवण्यासारखी आहेत. दोन्ही आपल्याकडे फारसे कुणी पाहिलेले नाहीत, दोन्ही जरा चक्रम, आणि दोन्हींत समुद्र ऐनवेळी आडवा येतो.

पहिला पॉवेल आणि प्रेसबर्गर या दिग्दर्शक जोडीचा ‘आय नो व्हेअर आय अ‍ॅम गोइंग!’, १९४५चा, कृष्णधवल, दीड तासाचा. जोन वेबस्टर श्रीमंत कारखानदाराशी लग्न करायला स्कॉटलंडमधल्या एका बेटावर निघते, आणि वाऱ्यामुळे अलीकडच्या मल बेटावरच अडकते. मालवणला किल्ल्याची होडी बंद म्हणून धक्क्यावरून परतलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शेवटी ती एका तरुण खलाशाला वीस पौंड देऊन होडी काढायला लावते. इंजिनात पाणी शिरतं, होडी कॉरीव्रेकनच्या भोवऱ्याकडे ओढली जाते आणि लग्नाचा पोशाख समुद्रात जातो. हा भोवरा खरा आहे, जुरा आणि स्कारबा या बेटांमधल्या खाडीत. काही दृश्यं तिथली, बाकीची स्टुडिओतल्या टाकीतली. सांधा शोधायला बसलात तर सापडेल. नायक रॉजर लिव्हसी लंडनमध्ये नाटकात अडकल्यामुळे चित्रीकरणासाठी स्कॉटलंडला गेलाच नाही, दूरच्या दृश्यांत त्याच्यासारखा दुसराच माणूस चालतो. हे मात्र सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही.

यातला चक्रमपणा बारीक आहे. टेलिफोनची खोपटी धबधब्याच्या अगदी शेजारी, त्यामुळे पलीकडचं बोलणं ऐकूच येत नाही. रेल्वेतल्या स्वप्नात जोनचं लग्न माणसाशी नाही, थेट केमिकल कंपनीशी लागतं. प्रेमाची कबुली मात्र फार उशिरा येते. तोवर वारा पडायची वाट बघणं हीच कथा.

दुसरा, जॉन पॅट्रिक शॅनलीचा ‘जो व्हर्सेस द व्होल्केनो’, १९९०चा, रंगीत, पावणेदोन तासांच्या आतला. टॉम हँक्सला डॉक्टर सांगतो की मेंदूत ‘ढग’ आलाय, आता थोडेच महिने उरलेत. मग एक उद्योगपती त्याला पैसे देऊन दूरच्या बेटावरच्या ज्वालामुखीत उडी मारायला पाठवतो. मेग रायन तीन वेगवेगळ्या भूमिकांत आहे. आधी सांगून ठेवा, नाहीतर निम्मी मंडळी ‘ही तीच का?’ म्हणत बसतात. वादळात बोट बुडाल्यावर चार पेट्यांचा तराफा, बेशुद्ध नायिका, जवळचं थोडंसं गोडं पाणी तिलाच पाजणारा नायक आणि क्षितिजावर उगवणारा अवाढव्य चंद्र, एवढ्यासाठी हा सिनेमा पाहावा. बेटावरच्या लोकांची टिंगल मात्र आज खटकते.

अडचण सुरुवातीला आहे. पहिली वीसेक मिनिटं ट्यूबलाइटच्या मरगळल्या उजेडातल्या, काळपट कचेरीत जातात. उघड्यावर, स्वस्तातल्या प्रोजेक्टरवर तो भाग नुसता चिखल दिसतो आणि पोरं उठून जातात. दारं लावून माजघरात दाखवणार असाल तर हाच लावा, विशेषतः कॉलेजची मुलं असतील तर.

खळ्यासाठी आमचं मत १९४५च्या बाजूने. समुद्राशी ज्यांचा रोजचा व्यवहार आहे त्यांना तो पटकन कळतो. तांडेलाच्या घरचा माणूस ‘एवढ्या वाऱ्यात होडी काढली?’ म्हणून चिडतो, आणि तिथेच सिनेमा पकडतो. या सिनेमाला काळोख मात्र हवा. डिसेंबरात सातनंतर सुरू करा, मे महिन्यात आठच्या आधी नको. पौर्णिमेची रात्र टाळा, चांदण्यात कृष्णधवल चित्र फिकं पडतं. एकेरी चादरीतून उजेड पलीकडे जातो, म्हणून ती दुहेरी घ्या, खालच्या शिवणीत पाइप घाला. तरी थंडीतल्या रात्री दंवाने ती जड होऊन मधे लोंबते, म्हणून दोरी सिनेमा सुरू करण्यापूर्वी पुन्हा ताणा. खालची कड जमिनीपासून तीन फूट वर ठेवा; पुढच्यांच्या डोक्यांमागे इंग्रजी सबटायटल गेली तर स्कॉटिश उच्चारांपुढे कुणाचंच काही चालत नाही. अधूनमधून येणारे गेलिक संवाद समजले नाहीत तरी अडत नाही, चेहरे पुरतात. आवाजासाठी वायर लावा. ब्लूटूथवर तो क्षणभर मागे पडतो आणि ओठ आधी हलतात.