छोट्या अंगणासाठी हाताने ढकलायचं मोवरच बेस्ट
अंगण छोटं असेल तर गवत कापायला पेट्रोलच्या मोवरच्या (गवत कापायच्या मशीनच्या) नादी लागूच नका, मी आधी तेच घेतलं होतं, आवाज, धूर, ऑइल बघा, प्लग साफ करा, आणि कोपऱ्यात वळवताना हात भरून यायचे. आता हाताने ढकलायचं रील मोवर वापरतेय, ३५ सेंमी रुंदीचं, पाच पात्यांचं, आणि खरंच खूप खूश आहे. फिरती पाती खालच्या स्थिर पट्टीला लागून जातात त्यामुळे गवत कात्रीसारखं कापलं जातं, टोकं फाटून पिवळी पडत नाहीत. सेटिंग बघायचं तर पाती आणि पट्टीच्या मध्ये कागद धरून पाती हळूच फिरवा, कागद सरळ कापला गेला पाहिजे, नाहीतर दोन्ही बाजूचे स्क्रू थोडे थोडे आवळा (बोटं सांभाळा हं!). एकच गोष्ट, गवत फार वाढू दिलंत तर हे मोवर ते नुसतं आडवं पाडतं, म्हणून भर सीझनमध्ये आठवड्याला फिरवावंच लागतं, आणि एका वेळी उंचीच्या १/३ पेक्षा जास्त कापू नका. ढकलणं जमणार नसेल तर बॅटरीवालं घ्या, वायरवालं हलकं असतं पण वायर सारखी पायात येते.